नाना फसले की नानांना फसवलं?

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपूर्वी त्यांना व्हिडिओ कॉल आला. 'पोलीस बोलतोय, तुमच्या नावावर गुन्हा आहे' असं सांगून दिवसभर त्यांना फोनसमोरून हलू दिलं नाही आणि साडेतीन लाख रुपये काढून घेतले. आता घरात जो तो 'नाना गंडले', 'नानांना टोपी घातली' म्हणतो आणि नाना ताटावरून उठून जातात. मराठीत यासाठी इतके शब्द आहेत. त्यांतला योग्य कोणता?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमचे नाना ताटावरून उठतात ते शब्दामुळेच. 'गंडले' ऐकून त्यांना जे लागतं, ते खरोखर त्या शब्दात आहे.

'फसणे' घ्या. बेत फसतो, चिक्कीचा पाक फसतो, तसाच माणूस फसतो. वाक्यात एकटा तोच असतो, फसवणारा कुठेच नसतो. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं, चूक यानेच केली. 'गंडणे'चं तेच, वर थोडं हसूही. 'फसवलं' म्हटलं की लगेच प्रश्न येतो : कुणी? 'फसगत' आणि 'फसवणूक' यांतही हेच अंतर आहे. वरून पिवळाधमक आंबा कापल्यावर पांढरा निघाला, तर माझी फसगत झाली. त्यात कुणाचा हात असेलच असं नाही. विकणाऱ्याला आधीपासून ठाऊक होतं, तर ती फसवणूक. नानांची फसगत झालेली नाही.

बाकीचे शब्द आपापल्या जागी नेमके आहेत. शेंडी लावतात ती किरकोळ बाबतीत, टोपी घालतात किंवा चुना लावतात ती पैशाची गोष्ट. आशा दाखवून शेवटी काहीच दिलं नाही, तर तोंडाला पानं पुसली. हातावर तुरी देतो तो पळणारा. केसाने गळा कापायला मात्र जवळचंच माणूस लागतं, परका तो कापू शकत नाही. आणि 'नाडणे' म्हणजे अडलेल्याला पिळणे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. जे लिहिलंय ते वाचता येत नसताना त्याखाली अंगठा उठवावा लागलेल्या माणसाला 'गंडला' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तो नाडला गेला.

तुमच्या नानांना ज्यांनी फोन केला, त्यांच्यासाठी मराठीत जुना आणि चोख शब्द आहे : तोतया. पानिपतात १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, आणि पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा एक जण उभा राहिला. चौकशीत तो तोतया ठरला, कैदेत गेला. तरी १७७६ मध्ये सुटल्यावर कोकणात लोक त्याच्यामागे गेले, किल्ले त्याच्या हाती आले. त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. किल्ले सांभाळणारी माणसं जिथे तोतयाच्या मागे गेली, तिथे एका दुपारी खाकी गणवेश आणि मागे लावलेलं बोधचिन्ह पाहून नानांनी विश्वास ठेवला, यात लाज कसली? 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे व्हिडिओ कॉलवरूनच केलेली अटक, कायद्यात नाहीच, हे त्यांना त्या क्षणी कोण सांगणार होतं?

या लोकांना 'भामटे' म्हणण्याची वर्तमानपत्रांना सवय आहे. मी तो शब्द लिहीत नाही. भामटा हे एका जमातीचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरू लागली. तो कायदा १९५२ मध्ये गेला. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत हे नाव आजही आहे, आणि ते लावणारी मुलं शाळेत असतात. 'ठग', 'ठकसेन', 'लुच्चा' एवढे शब्द असताना एका समाजाचं नाव शिवी म्हणून कशाला वापरायचं?

हे सगळं मी पुस्तकातून शिकले नाही. १९८४ साली कऱ्हाडला माझ्या आत्याच्या दारात दागिने उजळून देणारे दोघे आले. आधी तिचा पितळी तांब्या लखलखीत करून दाखवला. मग पाटल्या हळदीच्या पाण्यात घालून डब्याला झाकण लावलं, म्हणाले, 'दहा मिनिटं मंद आचेवर ठेवा, उघडू नका.' तिने सांगितलं तसं केलं. डब्यात नुसती हळद होती. पाटल्यांचं दुःख ओसरलं, पण घरात 'यमी फसली' हे वाक्य राहिलं. कुणी पाहुणे आले की पुन्हा तेच. ती पोस्टमनशीसुद्धा खिडकीतूनच बोलू लागली. अकरा वर्षांनी माझ्याशी पहिल्यांदा तो विषय काढला, तेव्हा सुरुवातच 'अगं, मी फसले ना तेव्हा…' अशी केली. मी तिला म्हटलं, 'आत्या, तुला फसवलं.' ती बराच वेळ काही बोलली नाही. मग त्या दोघांचे चेहरे, एकाच्या कपाळावरचा व्रण, सगळं सांगू लागली. अकरा वर्षांत तिला ते कुणी विचारलंच नव्हतं.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार केली नसेल तर आजच करा. पोलिसांना द्यायच्या अर्जात 'माझी फसवणूक झाली' असं अर्धवट लिहू नका. 'पोलीस असल्याची बतावणी करून अज्ञात व्यक्तींनी माझी फसवणूक केली' असं लिहा, आणि ते वाक्य नानांना स्वतःच्या हाताने लिहू द्या.