सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयातलं ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं 'माता आणि बालक' पाहून मातीत तसं काही करायचं आहे. भट्टीत फुटू नये म्हणून माती किती मळावी?

फुटण्याचा दोष मळण्यावर टाकू नका. "आत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून फुटलं" हे आमच्या सातारा-सांगलीकडे शिकवणारेही छातीठोकपणे सांगतात, आणि ते चूक आहे. फोडते ती वाफ. माती वरून सुकलेली दिसते, पण पोटात ओल असते. शंभर अंशांपुढे तिची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की तुकडे उडतात. पूर्ण सुकलेलं काम बुडबुड्याने फुटत नाही.

मूर यांचं शिल्प दगडाचं, भरीव. दगडाला दगडासारखंच वागवावं हा त्यांचा आग्रह होता. मग तुम्हीही मातीला मातीसारखं वागवा, काम आतून पोकळ ठेवा. वीस-पंचवीस टक्के ग्रॉग (भाजलेल्या मातीचा भरडा) असलेली स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला भाजायची) घ्या, मातीच्या वळ्या रचत चढा, भिंत एक ते दीड सेंटिमीटर. माती साधारण बारा टक्के आकसत असेल, तर तीस सेंटिमीटरच्या कामासाठी चौतीस उभारा.

खरी गोम बाळाच्या जोडात आहे. आई सुकत आलेली आणि बाळ ओलं, असं चिकटवलं की बाळ जास्त आकसतं आणि जोडाभोवती गोल चीर पडते. दोन्हींची ओल सारखी हवी. जागा खरवडा, त्याच मातीचा घोळ लावा, दाबून बसवा. बाळही पोकळच ठेवा आणि जोडाच्या आतून पेन्सिलीएवढं भोक आईच्या पोकळीत काढा. बुडाला दुसरं भोक.

कृष्णाकाठची काळी माती नुसती वापरू नका. ती फार आकसते, शिवाय त्यातले चुनखडीचे खडे भाजल्यानंतर काही दिवसांनी ओल पिऊन फुगतात आणि पापुद्रा उडवतात.

भट्टी ऐंशी-नव्वद अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी भोकापाशी थंड आरसा धरा. धुरकटला तर आत ओल आहे, अजून थांबा. मग सहाशेपर्यंत तासाला शंभरच्या आत चढवा, कारण ५७३ अंशांपाशी मातीतला क्वार्ट्झ (गारेचे कण) एकदम फुगतो. पुढे हजारपर्यंत. पावसाळ्यात सुकवायला दुप्पट वेळ धरा.

आणि हो, मळायची तर आहेच. बुडबुड्यापाशी भिंत कमजोर होते, कधी फोड येतो. गोळा तारेने कापून पाहा. कापात भोकं दिसेनाशी झाली की पुरे.