जुन्या सेसना १७२ मध्ये आधी काय बदलावं: टचस्क्रीन, ग्लास डिस्प्ले की ऑटोपायलट?

तुमचा प्रश्न असा आहे: ह्यूस्टनजवळ १९७८ ची सेसना १७२एन घेतली आहे, हाताशी २५,००० डॉलर आहेत, तर आधी टचस्क्रीन नॅव्हिगेटर (रस्ता दाखवणारा जीपीएस) घ्यावा, ग्लास डिस्प्ले (जुन्या गोल काट्यांऐवजी स्क्रीन) घ्यावा की ऑटोपायलट? आणि विमान विकताना हे पैसे परत येतात का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. नाही येत. निम्मे आले तर नारळ फोडा.

पहिल्या प्रश्नावरून आमच्या घरात दोन दिवाळ्या नासल्या आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आमची सेसना १९७५ ची, १७२एम. अर्धी माझी, अर्धी माझ्या साडूची. (साडूबरोबर भागीदारीत विमान घ्यावं का, असा प्रश्न कोणी विचारला तर तिथेही मी लिहीन.) आम्ही राहतो मध्य न्यू जर्सीत. १ जानेवारी २०२० पासून एडीएस-बी आऊट (विमानाची जागा आपोआप प्रसारित करणारं यंत्र) सक्तीचं होणार होतं आणि आम्ही न्यूयॉर्कच्या ३० मैलांच्या वर्तुळात, म्हणजे ते बसवलं नाही तर विमान तुळशीवृंदावनासारखं जागच्या जागी. २०१९ चा उन्हाळा आला तरी आमचं ठरत नव्हतं. विमानाची इलेक्ट्रॉनिक्स बसवणाऱ्या सगळ्या शॉपमध्ये रांगा लागलेल्या. शेवटी एका शॉपने ऑगस्टची तारीख दिली आणि वाद सुरू झाला.

साडूभाऊंचं म्हणणं, पॅनेल उघडणारच आहोत तर गार्मिनचा जीटीएन ६५० बसवू. टचस्क्रीन, रेडिओ, जीपीएस, आयएलएस (जमिनीवरच्या सिग्नलवर धावपट्टीकडे उतरवणारी यंत्रणा), सगळं एका डब्यात. सोबत जीटीएक्स ३३५ ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं यंत्र) घेतला की आऊटचं काम झालं. माझं म्हणणं, त्याच वर्षी जीएनएक्स ३७५ बाजारात आलाय. त्यात वॅसचा (जास्त अचूक) जीपीएस आहे, एलपीव्ही ॲप्रोच (जीपीएसच्या आधाराने ढगांतून धावपट्टीकडे उतरणं) करता येतात, आणि ट्रान्सपाँडर त्याच्याच पोटात, एडीएस-बी इन (इतर विमानं आणि हवामान आपल्याला दिसणं) आणि आऊट दोन्ही. रेडिओ आणि आयएलएस त्यात नाही, पण आपला जुना किंग रेडिओ चालतोय की. जे पैसे वाचतील त्यातून दोन जी५ (गार्मिनचे छोटे ग्लास डिस्प्ले) घ्यायचे आणि व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाने हवा ओढून, चालणारे दोन्ही जायरो (विमानाचा कल आणि दिशा दाखवणारी उपकरणं) काढून टाकायचे. पुढच्या वर्षी जमलं तर जीएफसी ५०० ऑटोपायलट, कारण त्याला जी५ जोडता येतो.

मी एक्सेलमध्ये मांडून दाखवलं. साडूभाऊ म्हणाले, "अहो, विमान काय रोज घेतो का आपण?" या वाक्यापुढे एक्सेल चालत नाही. त्यात बायको म्हणाली, मोठे आहेत ते, घेऊ द्या. जीटीएन ६५० आला.

शॉपने तीन आठवडे सांगितले आणि चार महिने लावले. शॉपचं नाव लिहीत नाही. दर सोमवारी फोन केला की "वायरिंग जुनं निघालं" हे एकच उत्तर. हो, १९७५ च्या विमानात वायरिंग जुनंच निघणार. उंदराचं घरही निघालं, ते मात्र आम्हालाही नवीन होतं. विमान आलं तेव्हा स्क्रीन खरोखर झकास दिसत होती. तिच्या डावीकडे, आम्ही जन्मायच्या आधीच्या डिझाइनचं व्हॅक्यूमचं ॲटिट्यूड इंडिकेटर (विमानाचा कल दाखवणारं कृत्रिम क्षितिज) होतं तिथेच होतं. पैठणीवर रबरी चप्पल.

आता २०२१ चा सप्टेंबर. गणपती झाल्यावर आम्ही पिट्सबर्गच्या व्यंकटेश्वर मंदिरात गेलो होतो. मी, बायको आणि साडूभाऊ. मेहुणी भारतात होती. (१७२ मध्ये चार माणसं फक्त जाहिरातीत बसतात, तेव्हा तिघंच बरे.) परत येताना आयएफआर (बाहेर न बघता उपकरणांवर उडणं), ७,००० फूट, ॲलेघनीच्या डोंगरांवर सलग ढग. बर्फाची भीती नव्हती, हवा शांत होती, बायको मागे लाडवाचा पुडा मांडीवर घेऊन पेंगत होती. उडवत मी होतो.

व्हॅक्यूम पंप बंद पडला की काहीतरी धाडकन होईल असं वाटतं. काहीच होत नाही. जायरोचा वेग हळूहळू उतरत जातो आणि क्षितिज अगदी सावकाश, झोप आलेल्या माणसाच्या मानेसारखं, एका बाजूला कलतं. आमचं कललं ते असं की विमान डावीकडे झुकल्यासारखं दिसावं. मी ते सरळ करायला हात किंचित उजवीकडे दिला. पुन्हा कललं, पुन्हा दिला. शरीराला काहीच जाणवत नव्हतं. माझ्या मते मी सरळ उडत होतो.

साडूभाऊ म्हणाले, "ट्रॅक (जमिनीवरून जाण्याची दिशा) ९० होता ना? ११२ का दाखवतोय?"

मी म्हटलं, वारा असेल.

"वाऱ्याने बावीस अंश?"

तेव्हा मी टर्न कोऑर्डिनेटरकडे (वळण दाखवणाऱ्या उपकरणाकडे) बघितलं. ते विजेवर चालतं. त्यात विमान चक्क उजवीकडे वळत होतं. आणि पॅनेलच्या त्या कोपऱ्यात, जिथे कोणी बघत नाही, सक्शन गेजचा (व्हॅक्यूम मोजणाऱ्या मापकाचा) काटा शून्यावर.

त्यानंतरची दोन मिनिटं मला नीट सांगता येत नाहीत. एवढं आठवतं की खोटं बोलणारं क्षितिज डोळ्यासमोर असलं की डोळा पुन्हा पुन्हा तिथेच जातो, खोटं आहे हे माहीत असूनही. म्हणून पहिलं काम ते झाकणं. झाकायला आमच्याकडे काही नव्हतं. मांडीवरच्या पाटीचा (नीबोर्डचा) कागद साडूभाऊंनी फाडला, पण चिकटवायचा कशाने? मागून बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, चिकटपट्टी आहे का? तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून दिलं. चार टिकल्या, चार कोपऱ्यांना. कागद बसला.

कंट्रोलरला जायरो गेल्याचं सांगितलं. त्याने आवाजही न बदलता नो-जायरो व्हेक्टर द्यायला सुरुवात केली: "टर्न लेफ्ट" म्हटलं की वळायचं, "स्टॉप टर्न" म्हटलं की थांबायचं. अंश वगैरे काही नाही, आकडेमोड सगळी त्याच्याकडे. हॅरिसबर्गकडे नेलं. ३,००० फुटांच्या जरा खाली ढग संपले, सस्क्वेहाना नदी दिसली, आणि कॅपिटल सिटीच्या धावपट्टीवर उतरलो. दारं उघडून आम्ही तिघं बराच वेळ पंखाखाली उभे होतो. लाडू तिथेच संपले.

घरी आम्ही भाड्याच्या गाडीतून आलो आणि त्या चार तासांत भांडण झालं. साडूभाऊंचा मुद्दा: माझ्या स्क्रीनवर ट्रॅक दिसला म्हणून वाचलो. माझा मुद्दा: जी५ असते तर वाचायची वेळच आली नसती. जी५ ला स्वतःची बॅटरी असते, विमानातली वीज गेली तरी चार तासांपर्यंत चालते. आणि जीएनएक्समध्ये एडीएस-बी इन असल्यामुळे आयपॅडवर ट्रॅफिक आणि हवामानही दिसलं असतं, जे आमच्या ३३५ मध्ये नव्हतं. शिवाय ट्रॅक काय, तो जीएनएक्सवरही दिसलाच असता. या शेवटच्या वाक्याला साडूभाऊंकडे आजही उत्तर नाही, आणि मुख्य म्हणजे हे उत्तर मी त्या वाक्यासाठीच लिहितोय असं बायकोचं मत आहे.

२०२२ मध्ये जी५ बसले. म्हणजे पॅनेल दुसऱ्यांदा उघडलं, मजुरी दुसऱ्यांदा दिली. व्हॅक्यूमची सगळी नळकांडी, एडीएफ (जुना रेडिओ दिशादर्शक), त्याची अँटेना आणि कुठेच न जाणाऱ्या वायरींचं भेंडोळं काढलं तेव्हा वजनाच्या नव्या कागदावर आम्हाला २२ पौंड जास्त न्यायची मुभा मिळाली.

आता तुमचं. तुमच्या २५,००० मध्ये तिन्ही बसत नाहीत, त्यामुळे क्रम महत्त्वाचा. माझ्या मते आधी दोन जी५ आणि व्हॅक्यूमला कायमचा निरोप. मग तुमच्या विमानात एडीएस-बी कशा प्रकारचं बसवलंय ते बघा. आधीच्या मालकाने शेपटीच्या दिव्यातलं स्वस्तातलं आऊट लावलं असेल आणि वॅस जीपीएस नसेल, तर जीएनएक्स ३७५. चांगला ट्रान्सपाँडर आधीच असेल तर फक्त जीपीएस १७५ पुरे. ग्लाइडस्लोपसकट (उतरण्याचा कोन दाखवणारा सिग्नल) चालणारा एक जुना नॅव्ह रेडिओ काढू नका. जीपीएसचा सिग्नल कधी गायब होईल सांगता येत नाही, आणि नेमक्या अशा वेळेसाठीच एफएए (अमेरिकेचं हवाई नियामक खातं) काही व्हीओआर (जमिनीवरची दिशादर्शक रेडिओ केंद्रं) चालू ठेवतंय. ऑटोपायलट पुढच्या वर्षी, जी५ त्यालाही उपयोगी पडतात. बसवाल तेव्हा त्यावरचं एलव्हीएल लिहिलेलं बटण बायकोला दाखवून ठेवा: काही सुचेनासं झालं तर हे दाबायचं, विमान स्वतःला सपाट करतं.

जीटीएन ६५० सारखा सगळं-एका-डब्यातला टचस्क्रीन नॅव्हिगेटर वाईट नाही. तो शेवटी घ्यायची गोष्ट आहे, एवढंच. पाहुण्यांना दाखवायला उत्तम.

ऑडिओ पॅनेल (रेडिओचा आवाज हेडसेटला पोचवणारा डबा) कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. जुना खरखरतोय का? मग तो आधी बदला. हॅरिसबर्गच्या त्या कंट्रोलरचा "स्टॉप टर्न" मला ऐकूच आला नसता तर पुढचं सगळं लिहायला मी नसतो.

शॉप निवडताना किंमत नंतर विचारा. आधी विचारा की जुनी वायर काढून टाकणार की तशीच बांधून ठेवणार, ॲडॉप्टर आणि मॅग्नेटोमीटर (चुंबकीय दिशा मोजणारा) कोटेशनमध्ये धरलेत का (बहुतेकदा नसतात, आणि त्याशिवाय जी५ अर्धेच), पिटो-स्टॅटिकची (वेग आणि उंची मोजणाऱ्या नळ्यांची) तपासणी त्यातच आहे का, आणि ३३७ चा फॉर्म (मोठ्या बदलाची एफएएकडची नोंद) कोण भरणार. तीन आठवडे म्हणाले तर तुम्ही घरी तीन महिने सांगा.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. एक, आमचा पंप ५०० तासांच्या पुढे गेला होता, मेकॅनिक दोन वर्षं बदला म्हणत होता, आणि "अजून चालतोय ना" असं म्हणणारा मीच होतो. चारपाचशे डॉलरचं काम होतं. हे साडूभाऊंना माहीत आहे, म्हणून आधीच कबूल करून टाकलेलं बरं. दोन, ते ऑटोपायलटच्या विरोधात नेहमी १९९९ चा धाकट्या केनेडींचा अपघात काढतात. ते विमान आमच्या शेजारच्याच कॉल्डवेलच्या विमानतळावरून निघालं होतं आणि त्यात ऑटोपायलट होता, हे खरं आहे. चौकशीत कारण नोंदवलं गेलं ते पायलटचं दिशाभान हरपल्याचं. म्हणजे यंत्र विकत घेतलं की काम संपत नाही. सराव करा, दर महिन्याला, शेजारी प्रशिक्षक बसवून, अर्ध्या पॅनेलवर (काही उपकरणं झाकून). आम्ही तो केलेला नव्हता.

आणि तीन: तुम्ही आयएफआर उडवताच का, हे तुम्ही लिहिलंच नाहीये. फक्त निरभ्र दिवशी शनिवारी नाश्त्याला जाऊन येत असाल तर यातलं काहीच घेऊ नका. नवा पंप बसवा आणि उरलेल्या पैशांचं पेट्रोल भरा.

ते जुनं ॲटिट्यूड इंडिकेटर साडूभाऊंच्या बैठकीच्या खोलीत शोकेसमध्ये ठेवलंय, काचेवर दोन टिकल्या अजून तशाच आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी मला दहा इंची डिस्प्लेची लिंक पाठवली. मी निळी टिक येऊ दिली, उत्तर दिलेलं नाही.