डीजे ठरवण्याआधी त्याचे प्रश्न ऐका

घरातल्या समारंभांविषयी प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून अधिक डीजेबद्दलची निघाली, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. मी स्वतः एकोणीस वर्षं लग्नांत आणि पार्ट्यांत डीजे म्हणून उभी राहिले, आता नव्या मुलामुलींना हे काम शिकवते. त्यामुळे ही उत्तरं कन्सोलच्या मागच्या बाजूने आलेली आहेत, असं समजा.

प्रश्न: माझं लग्न अडीच महिन्यांवर आलंय. तीन डीजे पाहिले. तिघांचे व्हिडिओ सारखेच, धूर, लेझर आणि नाचणारी गर्दी. तिघंही म्हणतात, "तुम्ही काळजीच करू नका." मग निवडायचं कशावरून?

व्हिडिओ आधी बाजूला ठेवा. अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत रात्रीचा सगळ्यात रंगलेला क्षण कापून लावलेला असतो, आणि रंगलेली गर्दी कुणीही नाचवू शकतं. डीजेचा कस लागतो तो फ्लोअर रिकामा असताना. सगळे कडेकडेने उभे, हातात मोबाईल, पहिलं पाऊल टाकायला कुणी तयार नाही. अशा वेळी तो आवाज वाढवतो की गाणं बदलतो? एवढ्या एका गोष्टीवरून माणूस कळतो. म्हणून त्याच्याकडे एखाद्या कार्यक्रमाचं सलग तासाभराचं रेकॉर्डिंग मागा. ते घरी निवांत ऐका. दोन गाण्यांचा सांधा कानाला टोचतो का, वेग एकदम खाली-वर होतो का, तेवढं बघा. हाउस संगीत (क्लबमध्ये नाचायला वाजतं ते, एकसारख्या ठेक्याचं) मिनिटाला साधारण 120 ते 130 ठोक्यांचं असतं. तिथून कुणी थेट 90 वर उडी मारली, की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात आणि निम्मे लोक जाऊन बसतात. बसलेल्या माणसाला परत उठवायला मग तीन-चार गाणी खर्ची पडतात.

मी स्वतः चेहऱ्यांकडे कमी आणि पायांकडे जास्त बघायचे. लाजणारा माणूस चेहरा कोरा ठेवतो, पण टाच त्याच्या नकळत ठेका धरते. कडेच्या चार-पाच जणांच्या टाचा हलायला लागल्या, की त्याच वेगाचं आणि त्याच काळातलं पुढचं गाणं काढायचं. असे दोन-तीन सांधे नीट जुळले की ती माणसं आपोआप पुढे येतात. हे मोबाईलमधल्या तयार यादीला जमत नाही. तुम्ही पैसे मोजता ते या नजरेचे.

आता भेटीबद्दल. त्याला समोर बसवा आणि तुम्ही काही विचारण्याआधी तो तुम्हाला काय विचारतो, ते लक्ष देऊन ऐका. पाहुणे किती, कोणत्या वयाचे, जागा बंदिस्त की मोकळी, भाषणं आहेत का, माईक किती लागतील, जेवणाच्या वेळी संगीत हवं का. हे प्रश्न त्याच्याकडून यायला हवेत. माझ्या वहीत आणखी एक प्रश्न असायचा: "घरात नुकतंच काही दुःखाचं घडलंय का?" तो एका लग्नानंतर मी लिहिला. रिसेप्शन छान चाललं होतं, मी एक जुनं गाणं लावलं आणि पुढच्या खुर्चीवरच्या बाई उठून बाहेर गेल्या. त्यांच्या गेलेल्या मुलाचं ते आवडतं गाणं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. तो चेहरा आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

तुम्ही भेटलेल्या तिघांपैकी ज्याने सगळ्यात जास्त विचारलं आणि सगळ्यात कमी मिरवलं, त्याच्याकडे माझा कल राहील. फक्त एक खात्री करून घ्या: भेटायला आलेला माणूसच त्या दिवशी येणार आहे ना? मोठ्या टीममध्ये बोलणी एकजण करतो आणि कार्यक्रमाला दुसराच उभा राहतो. येणाऱ्या माणसाचं नाव करारात लिहून घ्या आणि तो आजारी पडला तर कोण येईल, तेही.

प्रश्न: माझ्या मावसभावाकडे लॅपटॉप आणि दोन स्पीकर आहेत. तो फुकट करतो म्हणतोय. वेगळा डीजे घ्यायची खरंच गरज आहे का?

तीस-चाळीस माणसांची घरगुती पार्टी असेल, तर भावाला खुशाल करू द्या. लग्न असेल तर मी नको म्हणेन, आणि त्यामागे माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. माझ्या तिसऱ्या-चौथ्या लग्नात, नवरा-नवरीचा पहिला नाच चालू असताना लॅपटॉप गोठला. तो बंद करून पुन्हा सुरू होईपर्यंत चार मिनिटं गेली. दोनशे माणसं गप्प उभी, आणि ती दोघं एकमेकांचे हात धरून फ्लोअरच्या मधोमध. त्यानंतर मी दुसऱ्या यंत्रावर तीच सगळी गाणी घेऊन, ते मिक्सरच्या (वेगवेगळे आवाज एकत्र करून कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या) दुसऱ्या चॅनेलला जोडून ठेवल्याशिवाय एकही कार्यक्रम सुरू केला नाही. एक बंद पडलं, की बोट सरकवायचं आणि दुसरं वाजायला लागतं.

तेव्हा भावाला (आणि कुठल्याही डीजेला) विचारा: लॅपटॉप बंद पडला तर पुढच्या दहा सेकंदांत काय कराल? उत्तर तयार असेल तर ते लगेच येतं. गाणी डिस्कवर उतरवून घेतली आहेत की इंटरनेटवरून वाजणार, हेही विचारा. गर्दीच्या जागी नेटवर्क कोलमडतं आणि ऐन गाण्यात गोल चक्र फिरत बसतं. विजेचं म्हणाल, तर साउंड आणि लाईट वेगवेगळ्या लाइनवर हवेत. लाईटच्याच बोर्डवरून साउंडला वीज घेतली, तर स्पीकरमधून सतत घरघर ऐकू येण्याची शक्यता असते.

आणखी एक. जो वाजवतो, त्याला लग्न अनुभवता येत नाही. भाऊ फोटोत हवा असेल, तर त्याला कन्सोलमागे उभा करू नका.

प्रश्न: बाबांना श्रवणयंत्र आहे आणि बहिणीचं बाळ आठ महिन्यांचं आहे. डीजे म्हणतो, "आवाज मोठा नसेल तर मजा येत नाही." आवाज नक्की किती असावा?

हा प्रश्न पाठवलात, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. माझ्या डाव्या कानात गेली सहा वर्षं बारीक शिट्टी वाजते. झोपताना, वाचताना, आत्ता हे लिहिताना. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्यावर औषध नाही, ऑपरेशन नाही. म्हणून या बाबतीत मी कुणाचीही भीडभाड ठेवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या जागांसाठी एक मानक जाहीर केलं. त्यात आवाजाची 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये, असं म्हटलं आहे. पण 100 ही कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत पोचायलाच हवं असं नाही. कामाच्या जागी कानांच्या सुरक्षेसाठी जो हिशेब बरेच तज्ज्ञ वापरतात, तो असा: 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला 4 तास, 91 ला 2 तास, आणि 100 ला पोचेपर्यंत हातात जेमतेम 15 मिनिटं उरतात. रात्रभराच्या समारंभात कुणी पंधरा मिनिटांनी उठून जात नाही. मी स्वतः नाचणाऱ्यांच्या मधोमध 95 च्या आत राहायचे, आणि बसलेल्या मंडळींकडे त्याहून बरंच कमी. कुणी कधी मजा आली नाही म्हणून तक्रार केली नाही.

ते जमतं कसं? स्पीकरच्या जागेने. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. बंद हॉलमध्ये भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे तेवढा उतरत नाही, पण उतरतो. तेव्हा स्पीकर स्टँडवर, डोक्यांच्या वर आणि तोंड फ्लोअरकडे वळवलेले हवेत. जमिनीवर ठेवले, तर पुढच्या रांगेचे कान फुटतात आणि मागच्यांना काही कळत नाही, मग मागच्यांसाठी आवाज आणखी वाढवला जातो. बाबांना स्पीकरच्या मागच्या बाजूला, लांबच्या टेबलावर बसवा. बेसचं, म्हणजे छातीत धडधडणाऱ्या खालच्या सुरांचं, मात्र तसं नाही. तो चहूकडे पसरतो, भिंतीपलीकडेही जातो. तो कमी करायचा तर मिक्सरवरूनच.

डीजेच्या मिक्सरवर दिव्यांची उभी रांग असते, खाली हिरवे, वर लाल. कार्यक्रमाच्या मध्यावर एकदा जवळ जाऊन बघा. लाल सतत पेटलेला असेल, तर आवाज मोठा झालेला नसतो, फाटलेला असतो. तो फाटका आवाज कानाला सगळ्यात लवकर थकवतो. जाणकार डीजे रांग हिरव्यात ठेवतो, लाल नुसता कधीतरी चमकतो. मोबाईलवरचं आवाज मोजायचं अॅप अगदी नेमकं नसतं, पण अंदाजाला पुरतं.

बाळासाठी लहान मुलांचे कान झाकणारे मफ्स आणा. त्याला फ्लोअरच्या आसपास नेऊच नका, मफ्स असले तरी. बाबांना गोंगाटात यंत्रातून बोलणं समजणं अवघड जातं, म्हणून जेवताना संगीत इतकं खाली हवं की शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागू नये. आणि "मोठ्या आवाजाशिवाय मजा नाही" हे डीजेचं शेवटचं उत्तर असेल, तर दुसरा डीजे शोधा.

प्रश्न: आम्ही 140 गाण्यांची यादी दिली. डीजे म्हणतो, एवढी वाजणार नाहीत. तो टाळाटाळ करतोय का?

नाही, हिशेबच तसा आहे. गाणं सरासरी साडेतीन मिनिटं वाजलं, तर चार तासांत सत्तरच्या आसपास गाणी होतात. त्यातून भाषणं आणि केकचा वेळ जातो. दहा-पंधरा गाणी "हवीतच" म्हणून द्या, दहा "अजिबात नकोत" म्हणून द्या, बाकी त्याच्यावर सोडा. नकोची यादी बहुतेक लोक देत नाहीत. माझ्या मते ती जास्त महत्त्वाची.

प्रश्न: करारात काय काय असावं?

तारीख, मांडणीला पोचण्याची वेळ, वाजवण्याचे तास, वेळ वाढल्यास तासाचा दर, सामानाची यादी, पर्यायी यंत्रं, आगाऊ रक्कम आणि रद्द झाल्यास तिचं काय. हॉलच्या आवाजाच्या आणि वेळेच्या अटी आधी हॉलवाल्यांकडून लेखी घ्या आणि डीजेला द्या. काही हॉलमध्ये मर्यादेपुढे गेलं की साउंडची वीज तोडणारं यंत्र बसवलेलं असतं, ते त्याला आधी माहीत असायला हवं.

प्रश्न: आजीला लग्नात दोन शब्द बोलायचे आहेत. तिचा आवाज बारीक आहे आणि हात थरथरतो. डीजेला काय सांगू?

त्याला सांगा, आजींना माईक हातात देऊ नका, स्टँडवर लावा, आणि त्यांच्या उंचीला आधीच बसवून ठेवा. खुर्चीत बसून बोलणार असतील तर छोटा स्टँड. माईक तोंडापासून चार बोटांवर. बारीक आवाजासाठी माईक जास्त उघडावा लागतो, म्हणजे त्याची पातळी मिक्सरवर वाढवावी लागते, आणि तसा उघडलेला माईक स्पीकरच्या तोंडासमोर आला की शिट्टी मारतो. म्हणून आजींची जागा स्पीकरच्या मागे धरा. बिनतारी माईक असेल तर नवे सेल घाला, सकाळचे वापरलेले नकोत.

पाहुणे यायच्या आधी आजींना एकदा रिकाम्या हॉलमध्ये नेऊन दोन वाक्यं बोलायला लावा. डीजे तेव्हाच पातळी लावून ठेवेल आणि आजींनाही आपला आवाज एवढा मोठा ऐकून दचकायला होणार नाही. त्या उभ्या राहिल्या की मागचं संगीत हळू करून चालणार नाही, पूर्ण बंद करायला सांगा. आणि त्या मधेच थांबल्या, डोळे पुसले, तर लगेच गाणं सुरू करू नका, असं त्याला आवर्जून सांगून ठेवा. त्यांना आणखी बोलायचं असू शकतं.