विचारा बिनधास्त : सबस्टेशनची खडी आणि समुद्राचं मीठ

प्रश्न : सर, मी फोंड्याचा, इलेक्ट्रिकल बीई. दोन वर्षं एका कन्सल्टन्सीत २२० केव्ही (म्हणजे २२० हजार व्होल्ट) सबस्टेशनचे लेआउट ऑटोकॅडवर काढतोय. सीनियर लोक लाल पेनने खुणा मारतात आणि मोकळे होतात. सीनियर व्हायला कोणतं सॉफ्टवेअर शिकू?

उत्तर : अरे बाबा, आधी चांगले सेफ्टी शूज घे, सॉफ्टवेअरचं नंतर बघू. लाल पेनवाल्यांतला मीही एक, म्हणून सांगतो.

तू ड्रॉइंगवर यार्डात, म्हणजे सबस्टेशनच्या उघड्या आवारात, खडीची खूण म्हणून हॅच मारतोस ना, ती खडी कशाला असते? निम्मे लोक सांगतील गवत उगवू नये म्हणून. तेही आहेच, पण फॉल्ट, म्हणजे जमिनीशी शॉर्टसर्किट, झाला की हजारो अँपिअर जमिनीत उतरतात आणि तेवढ्या क्षणाला यार्डातल्या जमिनीचं व्होल्टेज जागोजागी वेगळं असतं, म्हणजे चालणाऱ्याच्या दोन पावलांमध्ये फरक पडतो आणि स्ट्रक्चरला हात टेकून उभा असलेल्याच्या हातापायात तर बहुतेक वेळा त्याहून जास्त. स्टेप आणि टच पोटेन्शियल म्हणतात ते हेच. १००-१५० मिलीमीटर खडी पाय आणि माती यांच्यात येते, ओली असली तरी हिशोबात तिची रेझिस्टिव्हिटी, म्हणजे करंटला अडवण्याचा गुण, ३००० ओहम-मीटरच्या आसपास धरतात, म्हणून अंगातून जाणारा करंट कमी होतो. खडीखाली साधारण ६०० मिलीमीटरवर अर्थिंगची जाळी, म्हणजे फॉल्टचा करंट जमिनीत पसरवणारी पुरलेली धातूची जाळी, आणि ती किती दाट घालायची हे माती ठरवते.

आता आपल्याकडची माती म्हणजे जांभा. ज्युनियर असताना मी ऐन ऑगस्टात चार खुंट्या ओळीत ठोकून मातीच्या रेझिस्टिव्हिटीची रीडिंग घेतली, व्हेनर मेथड, तुम्हाला कॉलेजात होतीच. माती ओली, म्हणून आकडे झकास कमी आले, डिझाइन स्वस्तात बसलं, मी खूश. साहेबांनी तारीख बघितली आणि कागद परत दिला, मे महिन्यात जा म्हणाले. गेलो. पहार मारली तर टणकन उडायची, खुंटीभोवती बाटलीतलं पाणी ओतून कसंबसं रीडिंग आलं, तिपटीच्या वर! त्या ऑगस्टच्या आकड्यांवर जाळी घातली असती तर... जाऊ दे.

तेव्हा पुढच्या साइट व्हिजिटला हट्टाने जा, रीडिंग स्वतः घे. आणि लाल खूण आली की नुसती सुधारून परत पाठवू नकोस, का मारली ते विचार. चिडले तर चिडले.

प्रश्न : आम्ही बार्देशात किनाऱ्याजवळ राहतो. धो धो पावसात लाईट टिकते आणि मेमधल्या भुरभुरीत जाते, असं कसं हो?

उत्तर : ताई, निरीक्षण एकदम बरोबर. उन्हाळाभर खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर, म्हणजे तारेला खांबापासून वेगळं ठेवणाऱ्या आधारावर, मीठ बसतं. सुकं असेपर्यंत ते काही करत नाही, भुरभुर आली की ओलं होऊन करंटला वाट देतं आणि ठिणगी उडते. जोराचा पाऊस उलट सगळं धुऊन नेतो. म्हणूनच किनाऱ्याकडे इन्सुलेटरला जास्त चुण्या देतात, म्हणजे करंटची पृष्ठभागावरची वाट लांबते. सर्वात खराब हवेसाठी केव्हीमागे ३१ मिलीमीटर वाटेचा नियम धरतात, २२० केव्हीची यंत्रणा जास्तीत जास्त २४५ वर चालते असं धरलं की चुण्यांवरून मोजलेली वाट साडेसात मीटरच्या वर जाते. तुमच्या गल्लीतली लाईन ११ केव्हीची, तिथे हे सगळं छोट्या मापात. माडाचं झावळं तारांवर पडूनही लाईट जाते म्हणा, त्याला चुण्या काय करणार.