वाचकांचे प्रश्न : दोन दिवसांचे जळगाव

प्रश्न : आम्ही नंदुरबारला राहतो. जानेवारीत शुक्रवार ते रविवार जळगावला जाण्याचा विचार आहे. सासूबाईंना शास्त्रीय संगीताची आवड आहे, मुलीला भटकंतीची आणि यजमानांना खाण्याची. अजिंठा, पाटणादेवी, पद्मालय आणि गांधी तीर्थ एवढे सगळे बसेल का? सासूबाईंचे गुडघे दुखतात.
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : एवढे सगळे बसणार नाही, आणि बसवण्याचा अट्टाहासही करू नये. ज्या गोष्टीची वेळ आपल्या हातात नसते ती आधी ठरवावी, म्हणजे बाकीचे तिच्याभोवती आपोआप लागते. आपल्या बाबतीत ती गोष्ट गाण्याची आहे. जळगावात साधारणपणे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बालगंधर्व संगीत महोत्सव होतो. या गावाला ते नाव शोभतेही, कारण बालगंधर्व म्हणजेच नारायणराव राजहंस लहानपणी शिक्षणासाठी जळगावात राहिले होते आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनी येथेच महबूब खाँ यांच्याकडे घेतले. यंदाच्या तारखा पाहून मगच रेल्वेचे आरक्षण करावे. सुरत–भुसावळ मार्गावर दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी थेट गाडी मिळत असल्याने बदलाबदलीचा त्रास नाही.

गाणे रात्री उशिरापर्यंत रंगले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे निघण्याचा बेत कागदावरच राहतो. म्हणून शनिवारची सकाळ शहरातच ठेवावी. मेहरूण तलावाकाठी फिरणे सासूबाईंनाही झेपेल. हिवाळ्यात मेहरूणची बोरे बाजारात असतात, ती अवश्य घ्यावीत. तेथून जैन हिल्सवरील गांधी तीर्थ पाहावे. हे संग्रहालय 2012 मध्ये सुरू झाले. ते घाईने उरकण्यासारखे नाही, तेव्हा दोन-अडीच तास तरी हाताशी असू द्यावेत.

यजमानांसाठी जानेवारीइतका चांगला महिना नाही. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याची खरी ओळख थंडीतच पटते. फिकट हिरवी, मोठी वांगी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजून, सोलून, लाकडी बडगीत मिरची-लसणासह ठेचतात आणि त्यात कांद्याची पात, शेंगदाणे व खोबऱ्याचे काप घालतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो धुरकट वास येत नाही, म्हणून कोठे खायचे हे ठरवताना वांगी कशावर भाजली एवढे एकच विचारावे. ओळखीत कोणाचे शेत असेल आणि तेथे भरीत-पार्टीचे आमंत्रण मिळाले, तर कोणतेही हॉटेल त्यापुढे फिके आहे. सोबत पुरी किंवा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घ्यावी. हे जेवण मात्र दुपारीच करावे. संध्याकाळी भरपेट भरीत खाऊन मैफलीला बसलेला माणूस विलंबित ख्यालात पेंगतो, आणि त्यात ख्यालाचा दोष नसतो. शेवभाजी शुक्रवारी रात्री चालेल, परंतु सासूबाईंसाठी तर्री कमी घालायला सांगावे.

रविवारी पद्मालय किंवा अजिंठा यांपैकी एकच निवडावे. एरंडोलजवळचे पद्मालय आपल्या मंडळींसाठी अधिक सोयीचे आहे. तेथे उजव्या आणि डाव्या सोंडेच्या गणपतीच्या दोन मूर्ती एकाच गाभाऱ्यात आहेत, शेजारी कमळांचे तळे आहे आणि भोवती झाडी असल्याने मुलीचेही मन रमेल. अजिंठा जळगावपासून सुमारे 60 किलोमीटरवर आहे. फर्दापूरजवळच्या तिठ्यावर गाडी ठेवून पुढे तेथील बसने जावे लागते आणि त्यानंतर पायऱ्या आहेतच. डोलीची सोय असली तरी संध्याकाळच्या गाडीचे घड्याळ बघत ती चित्रे पाहणे मला पटत नाही. मुलीचा आग्रहच असेल तर मुक्काम वाढवावा, पण तो वाढीव दिवस सोमवार नसावा, कारण सोमवारी लेणी बंद असतात. पाटणादेवी चाळीसगावच्या बाजूला आहे. ती पितळखोऱ्याच्या लेण्यांसह पावसाळा सरताना वेगळी करावी.

परतताना केळीचे वेफर्स घ्याल, ते स्टेशनाकडे जाण्यापूर्वीच घ्यावेत. रविवारी संध्याकाळी सामान आणि सासूबाई यांना सांभाळत दुकाने शोधणे अवघड जाते.