बोरमाळेतलं सोनं किती, लाख किती?

प्रश्न : आजेसासूबाईंची बोरमाळ मोडायला नेली. चाळीस मणी, काट्यावर ४३ ग्रॅम भरली. सराफ म्हणाले, "सोनं २२ ग्रॅमच्या आतबाहेर, बाकी मण्यांत भरलेली लाख." निम्मी लाख? एक मणी चेपून फुटला होता, त्याचा पत्रा त्यांनी स्क्रू गेजने मोजून दाखवला, ०.१ मिलिमीटर. मण्याचा व्यास १० मिलिमीटर. घरी येऊन दहावीतल्या लेकीने पोकळ गोलाचं गणित केलं, तर अख्ख्या माळेत ३ मिलिग्रॅम सोनं निघालं! खरं कोणाचं?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, सराफाचं. पण लेकीला रागावू नका. एकतीस वर्षं दहावीला भूमिती शिकवली. महत्त्वमापनाच्या पेपरात हीच चूक दरवर्षी निम्म्या वर्गाची असायची.

तिने काय केलं ते मला इथूनच दिसतंय. बाहेरची त्रिज्या ०.५ सेंमी, आतली ०.४९. वजाबाकी केली, ०.०१ आले, आणि त्याचा घन केला. म्हणजे तिने खसखशीच्या दाण्याहूनही बारीक अशा एका भरीव गोळीचं घनफळ काढलं. आपल्याला हवं आहे मोसंबीच्या सालीचं घनफळ. अख्ख्या मोसंबीतून आतला गर वजा करायचा, म्हणून आधी दोन्ही त्रिज्यांचे घन, मग वजाबाकी.

०.५ चा घन ०.१२५. ०.४९ चा घन ०.११७६४९. फरक ०.००७३५१. त्याला ४/३ आणि ३.१४ ने गुणलं की ०.०३०८ घन सेंमी, हा एका मण्याचा पत्रा. २२ कॅरेट सोन्याचा एक घन सेंमी साधारण १७.७ ग्रॅम भरतो, म्हणजे मण्यात ०.५४५ ग्रॅम आणि चाळिसांत २१.८ ग्रॅम. हेच मणी भरीव असते तर माळ ३७१ ग्रॅमची झाली असती. आजेसासूबाईंची मान राहिली असती का?

आता लाख. आतली पोकळी मण्यामागे ०.४९ घन सेंमी, चाळिसांची मिळून पावणेवीसच्या आसपास. लाख पाण्याहून किंचित जड, तेव्हा मणी ठासून भरलेले असतील तर २० ते २२ ग्रॅम लाख सहज बसते. सोन्यात मिळवा, काट्यावरचे ४३ जुळतात. सोनं जड खरं, पण पत्रा केसाएवढा आणि पोटात जागा भरपूर, त्यामुळे हलकी लाखही वजनात सोन्याच्या बरोबरीला येते.

सराफाने गल्ल्यावर बसल्या बसल्या २२ कसे सांगितले, याचंही मला नवल नाही. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (११५०) गोलाचं पृष्ठफळ त्याच व्यासाच्या वर्तुळाच्या चौपट सांगितलंय, चेंडूवर विणलेल्या जाळीसारखं, आणि त्या पृष्ठफळाला व्यासाने गुणून ६ ने भागलं की घनफळ. आर्यभटासारख्याचंही गोलाचं घनफळ चुकलं होतं, तेव्हा दहावीच्या पोरीचं काय घेऊन बसलात! खात्री हवी तर एक मोसंबी सोला. तिच्याच मापाची चार वर्तुळं कागदावर काढून सालीचे तुकडे त्यांत मांडा, चारही जवळजवळ भरतात. वर्गात मी हा खेळ करायचो तेव्हा फळ शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं नाही.

तर पातळ पत्र्याला घनाच्या फंदात पडायलाच नको. पृष्ठफळ गुणिले जाडी. तुमच्या मण्याचं पृष्ठफळ ३.१४ चौरस सेंमी, जाडी ०.०१, झाले ०.०३१४. माळेचं सोनं २२.२ ग्रॅम. तोंडी हिशेब. जाड पत्र्याच्या पोकळ लोखंडी गोळ्याला मात्र ही युक्ती लावू नका, तिथे वरचंच सूत्र.

एक गोष्ट मात्र खटकते. मोजला तो एकच मणी, तोही फुटलेला. बाकीच्यांचा पत्रा ०.०८ निघाला तर सोनं साडेसतरा ग्रॅमवर येतं. मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाने चार ग्रॅमहून जास्त फरक. शिवाय जुने मणी हाताने घडवलेले, सगळे सारखे कुठले? म्हणून अंदाजावर सौदा करू नका, माझ्याही नाही. तुमच्यासमोर माळ आटवायला सांगा, लाख जळून गेली की उरलेली लगड काट्यावर ठेवा आणि कसही तिथेच बघून घ्या. फुटका मणी तेवढा लेकीसाठी बाजूला काढून ठेवलात तर बरं.