वाचनालयात पुढच्या तीन महिन्यांत व्याख्यानं, फिल्म आणि मुलांचे कार्यक्रम ठेवायचेत, वेळापत्रक कसं लावावं? व्याख्यानाला लहान मुलं आणू नका असं लिहावं का?

तुमच्या प्रश्नातला पहिला भाग वेळापत्रकाचा आहे, पण मी लिहायला बसलेय ती दुसऱ्या भागासाठी. नका लिहू. अजिबात नका लिहू.

मी एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर सात वर्षं होते आणि कार्यक्रमांचं सगळं माझ्याकडे होतं. २०१८ मध्ये आम्ही धूमकेतूंवर व्याख्यान ठेवलं, वक्ते खूप चांगले, अवघड गोष्ट सोपी करून सांगणारे. पत्रकाच्या तळाशी मात्र ठळक अक्षरात ओळ होती, "लहान मुलांना सोबत आणू नये". ही ओळ काढा म्हणून मी मीटिंगमध्ये भांडले होते आणि हरले होते. अध्यक्ष म्हणाले, वाचनालय म्हणजे पाळणाघर नव्हे, बाकीच्यांनी माना डोलावल्या, विषय संपला.

व्याख्यानाच्या दिवशी मी दाराशी उभी होते. बाहेर व्हरांड्यात आमच्या एक सभासद, दर आठवड्याला न चुकता पुस्तक बदलणाऱ्या, कडेवर चार वर्षांचा मुलगा घेऊन उभ्या. मी आत या म्हटलं तर त्यांनी नुसतं बोटाने पत्रक दाखवलं. पाऊण तास त्या तिथेच. मुलगा या कडेवरून त्या कडेवर, मग खाली, मग परत वर. तो काही ओरडत नव्हता की रडत नव्हता, फक्त दाराच्या बिजागरीत बोट घालायचा आणि त्या आतल्या पडद्यावरची नजर न काढता त्याचं बोट सोडवून घ्यायच्या, असं कितीतरी वेळा. हॅलेचा धूमकेतू साधारण ७६ वर्षांनी येतो, १९१० मध्ये आला, १९८६ मध्ये आला, आता २०६१ मध्ये, असं वक्ते म्हणाले तेव्हा त्या बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायला लागल्या. प्रश्नोत्तरं सुरू झाली, त्यांनी हात अर्धा वर केला, आणि नेमकं तेव्हाच आतल्या एकांनी बाहेरचा आवाज येतो म्हणून दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तक बदलताना त्या म्हणाल्या, "ताई, २०६१ ला हा सत्तेचाळीसचा असेल आणि मी चौऱ्याहत्तरची. आम्ही दोघं मिळून बघू शकू ना तो? एवढंच विचारायचं होतं."

मी वक्त्यांना फोन लावला. ते एकदम खूश झाले, म्हणाले हा प्रश्न काल यायला हवा होता, कारण १९८६ ला धूमकेतू सूर्याजवळ होता तेव्हा पृथ्वी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला होती म्हणून तो फिका दिसला, २०६१ ला दोघं एकाच बाजूला असतील, तेव्हा बराच तेजस्वी दिसायला हवा. म्हणजे त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न आणि त्याचं उत्तर दाराबाहेर राहिलं, आणि आत बसलेल्यांनाही ते मिळालं नाही. शांतता राखून आम्ही काय मिळवलं, हे मला आजही कोणी सांगावं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं सांगितलं आणि एकच मागणी केली, व्याख्यान चालू असताना त्याच वेळी शेजारच्या खोलीत त्याच विषयावर मुलांचा कार्यक्रम. आमच्या भिंतीवर ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांचे ग्रंथालयांसाठीचे १९३१ चे पाच नियम फ्रेम करून लावलेले आहेत आणि अध्यक्ष प्रत्येक भाषणात ते म्हणून दाखवायचे. मी म्हटलं, सर, दुसरा नियम प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतो, मग ही बाई वाचक नाही का? युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा १९४९ पासून आहे, १९९४ च्या आवृत्तीत तर वयाचा भेद न करता सगळ्यांना सेवा असं स्पष्ट लिहिलंय. परवानगी मिळायला आठ महिने लागले.

मग त्याच वक्त्यांना परत बोलावलं, विषय ग्रहांच्या कक्षा. शेजारच्या खोलीत पुठ्ठा, दोन टाचण्या, दोऱ्याचं वेटोळं आणि पेन्सिल. टाचण्या जवळ टोचल्या की जवळजवळ वर्तुळ निघतं, लांब टोचल्या की लांबट कक्षा, धूमकेतूसारखी. मुलं पाऊण तास त्यात गढलेली. त्या बाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या, वहीत लिहून घेत होत्या, आणि या वेळी पहिला प्रश्न त्यांचाच होता. मुलगा शेवटी पुठ्ठा घेऊन धावत आत आला आणि वक्त्यांनी तो सगळ्यांना उंच धरून दाखवला. अध्यक्षही टाळ्या वाजवत होते, पण तुमचं बरोबर होतं असं ते मला आजतागायत म्हणालेले नाहीत.

आता तुमचं वेळापत्रक. तिन्ही महिन्यांचं एकाच पत्रकात द्या, वार आणि वेळ एकच ठेवा म्हणजे लोकांच्या डोक्यात बसतं. दर महिन्याला वेगळा वार केलात तर येणारेही चुकतात. वक्त्याला चाळीस मिनिटं सांगा, प्रश्नांना वीस, आणि त्या विषयावरची पुस्तकं टेबलावर मांडून ठेवा, लगेच नेता आली पाहिजेत. एवढं केलंत तरी खूप.

फिल्मचं मात्र गांभीर्याने घ्या. कोणाच्या तरी नेटफ्लिक्स अकाउंटवरून पडद्यावर लावून दाखवता येत नाही, ते घरगुती वापरासाठी असतं, आणि आपण तिकीट घेत नाही म्हणून चालतं हा गैरसमज आहे. ज्याच्याकडे हक्क आहेत त्याची लेखी परवानगी घ्या. लघुपट करणाऱ्यांना थेट मेल करा, त्यातले बरेच आनंदाने हो म्हणतात आणि स्वतः गप्पा मारायलाही येतात. आदल्या दिवशी तीच फाइल त्याच प्रोजेक्टरवर आवाजासकट लावून बघा, आणि सबटायटल्स शेवटच्या रांगेतून वाचता येतात का तेही.

एक सांगायचं राहिलं, मुलांच्या खोलीत एकटा माणूस कधीच ठेवू नका, कायम दोन मोठी माणसं हवीत, आणि पालक त्याच इमारतीत असले पाहिजेत, मूल सोडून बाहेर जाता येणार नाही हे आधीच सांगा. तीन वर्षांच्या आतलं मूल आईबाबांजवळच बरं, त्यांना दाराजवळची कडेची खुर्ची द्या म्हणजे मूल कुरकुरलं तर पटकन उठता येतं. दुसरी खोलीच नसेल तर मागे सतरंजी टाकून चित्रकलेचं सामान ठेवा, थोडा आवाज होईल, होऊ दे. आणि एखादा विषय खरंच मुलांसमोर बोलण्यासारखा नसेल, तर तेवढ्या कार्यक्रमापुरतं वय आणि कारण दोन्ही लिहा.

बाकी पत्रकांवर वक्त्यांच्या नावाच्याही वर, मोठ्या अक्षरात लिहा, "मुलांना घेऊन या, त्यांच्यासाठी शेजारच्या खोलीत वेगळा कार्यक्रम आहे."